महासाथीतलं गर्भारपण: वाढत्या वजनाची वही घरी कशी ठेवायची

फोनवर डॉक्टर विचारतात, "आता वजन किती आहे?" आणि आपण गप्प. एरवी तपासणीला गेलं की आधी काट्यावर उभं करतात, सिस्टर आकडा लिहून घेतात, आपल्याला तो लक्षातही ठेवावा लागत नाही. महासाथीत नेमकं हेच तुटतं. जागतिक आरोग्य संघटनेनं ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटलं आणि पुढच्या काही आठवड्यांत जगभरातल्या गरोदर बायकांच्या कितीतरी तपासण्या पुढे गेल्या, नाहीतर फोनवर आल्या.

माझं पहिलं गर्भारपण त्याच काळातलं. पाचव्या महिन्यात मी फोनवर वजन सांगितलं आणि पलीकडे डॉक्टर थबकल्या. दोन आठवड्यांत अडीच किलो वाढ दिसत होती. त्यांनी लगेच सूज आहे का, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे काही दिसतं का, सगळं विचारलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. तपासणीत सगळं ठीक निघालं. मग उलगडा झाला: आधीचं वजन मी सकाळी उपाशीपोटी, मऊ पायपुसण्यावर ठेवलेल्या काट्यावर केलं होतं, नंतरचं रात्री जेवून, जाड कपड्यांत, फरशीवर. ती रात्र टाळता आली असती. पण मला आजही जास्त टोचतं ते वेगळंच. हीच चूक उलट्या बाजूनं झाली असती, तर खरी वाढ काट्याच्या चुकीत लपून गेली असती आणि कोणाला कळलंही नसतं.

पहिलटकरणींसाठी म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तपासण्या लांबतात तेव्हा डॉक्टरांना दुरून दिसणाऱ्या मोजक्या गोष्टींत तुमचं वजन येतं. त्यामुळे ते नीट मोजणं आणि लिहून ठेवणं हे तुमच्या हातातलं मोठं काम आहे. लागतात फक्त तीन वस्तू: एक वजनकाटा, एक वही आणि, जमलं तर, दंडाला पट्टा लावायचं बीपीचं मशीन.

१. सुरुवातीचा आकडा पक्का करा

वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: शेवटच्या पाळीची तारीख, उंची आणि दिवस राहण्याआधीचं वजन. ते वजन आठवत नसेल तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत कुठेही केलेलं सगळ्यात जुनं वजन धरा आणि शेजारी तारीख टाका. अंदाजानं "पन्नास-बावन्न असेल" असं लिहू नका. पुढचा सगळा हिशोब यावरच उभा राहणार आहे.

आता बीएमआय काढा, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती आहे ते सांगणारा आकडा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. समजा वजन ५५ किलो आणि उंची १.५८ मीटर. ५५ भागिले १.५८ म्हणजे ३४.८, त्याला पुन्हा १.५८ नं भागलं की २२. झाला बीएमआय.

२. आपला पल्ला शोधा

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २००९ मध्ये ठरवून दिलेले पल्ले आज बऱ्याच देशांत वापरले जातात. पोटात एकच बाळ असेल तर नऊ महिन्यांची एकूण वाढ अशी असावी:

- बीएमआय १८.५ पेक्षा कमी: १२.५ ते १८ किलो
- १८.५ ते २४.९: ११.५ ते १६ किलो
- २५ ते २९.९: ७ ते ११.५ किलो
- ३० किंवा जास्त: ५ ते ९ किलो

जुळी असतील तर गणित वेगळं. मधल्या, म्हणजे १८.५ ते २४.९ च्या गटात ते १७ ते २५ किलोंपर्यंत जातं. आणखी एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा. आशियाई वंशाच्या लोकांत बीएमआय २३ च्या पुढे गेला की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढू लागतो, त्यामुळे काही डॉक्टर गट ठरवताना हीच रेघ धरतात. तुमचा पल्ला त्यांच्या तोंडून ऐका आणि वहीत लिहा.

एकूण आकड्यापेक्षा रोजच्या उपयोगाचा आहे तो वेग. पहिल्या तिमाहीत सगळी मिळून अर्धा ते दोन किलो वाढ पुरते. चौथ्या महिन्यापासून आठवड्याला साधारण किती, तर कमी वजनाच्या बाईला अर्धा किलो, मधल्या गटाला ४०० ग्रॅमच्या आसपास, त्याच्या वरच्या गटाला ३०० आणि बीएमआय ३० च्या पुढे असेल तर २०० ग्रॅमच्या आसपास. आपल्या उदाहरणातल्या बाईचं पहिल्या तिमाहीत दीड किलो वाढलं आणि पुढचे २७ आठवडे ४०० ग्रॅमनं वाढत गेलं, तर शेवटी एकूण वाढ १२ किलोंच्या थोडं पुढे पोचते. पल्ल्यात बसलं.

आकडे पाहून ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी: हे सगळं चरबी नसतं. नऊ महिने भरताना बाळ तीन-साडेतीन किलोंचं, वार (प्लासेंटा) पाऊण किलोच्या आसपास, गर्भजल जवळपास एक किलो. गर्भाशय स्वतःच किलोभर वाढतं. अंगातलं रक्त दीड किलोंच्या आसपास वाढतं, पेशींमध्ये पाणी साठतं, छाती भरते. उरलेले तीनेक किलो चरबीचे, आणि तेही शरीर पुढच्या अंगावर पाजण्यासाठी राखून ठेवत असतं. हा भार वाहायला तुमचं शरीर तयार होत आहे. आरशात पाहताना हे आठवा.

३. वजन करायची रीत एकच ठेवा

आठवड्यातून एकदा. ठरलेला वार, सकाळी उठल्यावर, लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, अनवाणी, तेच हलके कपडे. काटा टणक, सपाट फरशीवर ठेवा आणि जागा ठरवून टाका. माझ्या घरी मी पेन्सिलनं फरशीवर काट्याच्या चार कोपऱ्यांच्या खुणा केल्या होत्या. काट्यावर दोन्ही पाय सारखे ठेवा, कशाला धरू नका, आकडा थांबेपर्यंत हलू नका. पुन्हा एकदा चढा. दोनदा तोच आकडा आला तर लिहा. वेगळा आला तर बॅटरी आणि काट्याचे पाय बघा.

पोट वाढल्यावर खाली वाकून आकडा दिसत नाही आणि वाकताना तोल जातो. अशा वेळी मोबाईल उभा करून फोटो काढायला ठेवा किंवा घरच्या कोणाला तरी वाचायला सांगा.

रोज वजन करू नका. पाणी, मीठ, पोट साफ होणं न होणं, एवढ्यानंही दिवसाला किलोभर इकडे-तिकडे होतं, आणि आधीच धास्तावलेल्या मनाला तो चढ-उतार सोसत नाही. घरातल्या आणि दवाखान्यातल्या काट्यात फरक असतोच. पुढच्या प्रत्यक्ष तपासणीला जाल त्या सकाळी घरी वजन करून जा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. त्यावरून डॉक्टरांना तुमच्या काट्याचा कल कळेल.

वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, कितवा आठवडा, वजन, बीपी, आणि शेवटचा मोठा रकाना "बाकी" म्हणून. या शेवटच्या रकान्यात उलट्या, ताप, सूज, झोप, बाळाची हालचाल, जे वाटेल ते. मला विचाराल तर याच रकान्यानं माझ्या डॉक्टरांना सगळ्यात जास्त मदत केली.

४. वही वाचायला शिका

एका आठवड्याच्या आकड्यावर काही ठरवू नका. तीन-चार आठवड्यांचे आकडे जोडून होणारी रेघ बघा. ती हळूहळू वर जात असेल तर ठीक चाललं आहे, मग एखादा आठवडा सपाट गेला तरी चालतं.

सुरुवातीला वजन उतरतं तेव्हा बायका फार घाबरतात. मळमळ आणि उलट्यांमुळे पहिल्या तीन महिन्यांत एक-दोन किलो कमी होणं बऱ्याच जणींच्या वाट्याला येतं आणि नंतर भरून निघतं. मात्र आधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त उतरलं (५५ किलोंच्या बाईला पावणेतीन किलो), दिवसभर पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, लघवी अगदी गडद आणि थोडी होत असेल, तर सलाईन लागू शकतं. महासाथ असली तरी त्याच दिवशी जायचं.

वेग सतत कमी असेल तर बाळाची वाढ खुंटण्याची आणि ते अडीच किलोंपेक्षा कमी वजनाचं जन्मण्याची भीती असते. सतत जास्त असेल तर बाळ फार मोठं होणं, सिझेरियन, बाळंतपणानंतर न उतरणारं वजन. दोन्हीकडे "बघू पुढच्या महिन्यात" म्हणण्यापेक्षा दोन-तीन आठवडे रेघ वाकडी दिसली की फोन करा. एवढ्यासाठी कशाला त्रास द्यायचा, असं मनात येऊ देऊ नका.

आणि एक प्रकार असा की त्यात थांबायचंच नाही. विसाव्या आठवड्यानंतर आठवड्याभरात किलोहून जास्त वजन उसळलं आणि सोबत चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज आली, तर ते खाल्ल्यानं वाढलेलं वजन नसतं, अंगात धरलेलं पाणी असतं. गरोदरपणातल्या बीपीच्या आजाराची ही एक खूण असते. पावलांना संध्याकाळी थोडी सूज येणं नेहमीचं आहे. नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबून बघा. खळगा पडून तसाच राहतो का? अंगठी काल सहज निघत होती आणि आज अडकते का? सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती फुगलेलं दिसतं का? बीपी मोजा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० ला पोचला असेल, किंवा न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, अंधारी, उजव्या बरगडीखाली कळ यातलं काहीही असेल, तर वेळ घालवू नका, तडक हॉस्पिटल गाठा. मशीन घरी नसेल तरी नुसत्या लक्षणांवर निघा.

५. बंद घरातलं खाणं

"दोन जिवांची आहेस, दुप्पट खा" हे प्रेमानं सांगितलं जातं, पण हिशोब तसा नाही. पहिल्या तिमाहीत जास्तीचं काहीच लागत नाही. दुसऱ्या तिमाहीत दिवसाला सुमारे ३४० कॅलरी वाढवायच्या आणि तिसऱ्या तिमाहीत सुमारे ४५०. एक पेला दूध, एक उकडलेलं अंडं आणि एक केळं एवढ्यात तीनशेच्या आसपास होतात. म्हणजे जास्तीचं खाणं एवढंसंच, पण ते कसदार हवं.

महासाथीत खाणं दोन्ही टोकांना जातं. काहीजणी दिवसभर घरात, स्वयंपाकघर चार पावलांवर, बातम्या चालू; हात आपोआप डब्याकडे जातो. काहीजणींच्या घरी मिळकत थांबलेली असते आणि त्या स्वतःच्या ताटातलं इतरांना वाढतात. पहिल्या प्रकारात मला उपयोगी पडलेली गोष्ट साधी आहे. डबा उघडण्याआधी एक पेला पाणी पिऊन दहा मिनिटं थांबायचं. खरी भूक असेल तर ती जात नाही, मग बसून, ताटलीत घेऊन, पोटभर खायचं. भीती किंवा कंटाळा असेल तर बहुतेक वेळा तेवढ्यात कळतं, आणि मग कोणाला तरी फोन करायचा. उभ्या-उभ्या पाकिटातून खाल्लेलं किती झालं ते कधीच कळत नाही.

दुसऱ्या प्रकारात ताट आधी तुमचं. हे हक्कानं सांगा. पैसे थोडे असतील तर ते आधी डाळी, कडधान्यं, अंडी, दूध यांवर घाला, मग भाज्या-फळांवर, आणि तळलेलं, गोड, बाटलीतलं शेवटी. आपल्या भागात गरोदर बायकांसाठी पोषणाची काही मदत मिळते का, हे आरोग्यसेविकेला विचारायला संकोच करू नका.

ताजी भाजी मिळत नसेल तेव्हा फ्रोझन भाजी चांगली. डबाबंद घेतली तर पाणी ओतून एकदा धुवा, बरंचसं मीठ जातं. एका वेळी फार न खाता पाच-सहा वेळा थोडं थोडं खाल्लं की मळमळ आणि जळजळ दोन्ही आटोक्यात राहतात. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या घरात ठेवा. दुकानं बंद असताना गोळी चुकते आणि मग चुकतच जाते.

वजन कमी करायचा प्रयत्न गरोदरपणात करायचा नाही. वेग जास्त वाटला तरी उपास नाही, जेवण टाळणं नाही. काय कमी करायचं ते डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील.

६. चार भिंतींत चालणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या नोव्हेंबर २०२० च्या शिफारशींत गरोदर बायकांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा तास, आणि तोही दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करून चालतो. खोलीत खुर्च्या बाजूला सारून फेऱ्या, गच्ची, मोकळ्या वेळी जिना. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, एवढा दम लागलेला बरोबर.

तिसऱ्या महिन्यानंतर पाठीवर उताणं झोपून करायचे व्यायाम सोडा. पडण्याची भीती असलेलं काही नको. रक्त किंवा पाणी जायला लागलं, चक्कर आली, छातीत दुखलं, पोट ठरावीक अंतरानं आवळायला लागलं तर थांबा आणि फोन करा. वार खाली असेल किंवा डॉक्टरांनी आराम सांगितला असेल, तर हा भाग तुमच्यासाठी नाही.

वजनाखेरीज चालण्याचं आणखी एक कारण आहे. गरोदरपणात रक्त गोठण्याकडे कल असतो, आणि दिवसभर बसून राहिल्यानं तो वाढतो. तासातून एकदा उठा, पावलं वर-खाली हलवा. एकाच पोटरीत दुखणं, गरमपणा, लाली आणि सूज दिसली तर ती चोळू नका, दाखवा.

७. स्वतःलाच संसर्ग झाला तर

१९१८ च्या इन्फ्लूएन्झात, २००९ च्या स्वाइन फ्लूत आणि कोविडमध्येही गरोदर बायकांचा आजार गंभीर होण्याची शक्यता जास्त दिसली. कोविडमध्ये आधीचं जास्त वजन, मधुमेह, बीपी यांनी ती आणखी वाढली. म्हणून लस उपलब्ध असेल तर डॉक्टरांशी बोलून वेळेवर घ्या, आणि ताप आला की पहिल्याच दिवशी कळवा. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आपल्या मनानं नकोत.

आजारपणाच्या आठवड्यात वजन उतरेल. चव जाते, वास जातो, घास फिरतो. त्या दिवसांत आकड्याच्या मागे लागू नका, पातळ का होईना दर दोन तासांनी काहीतरी पोटात जाऊ द्या आणि वहीत तापाच्या तारखा लिहा. रेघ तिथे का खाली आली हे महिन्यानं कोणालाच आठवत नाही. धाप लागणं, ओठ निळसर होणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यात घरी थांबायचं नाही.

८. जे फोनवर होत नाही

वही कितीही नीट ठेवली तरी तिच्यात रक्तातली साखर दिसत नाही. गरोदरपणातल्या मधुमेहाची चाचणी २४ ते २८ आठवड्यांत होते, आणि बहुतेकींना त्याचं एकही लक्षण नसतं. लघवीतलं प्रोटीन, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी, पोटावर टेप लावून बाळाची वाढ पाहणं, यासाठी जावंच लागतं. एरवी नऊ महिन्यांत किमान आठ भेटी असाव्यात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. महासाथीत यातल्या कोणत्या फोनवर आणि कोणत्या प्रत्यक्ष, हे पहिल्याच महिन्यात डॉक्टरांकडून तारखांसकट ठरवून घ्या. एका फेरीत रक्त, सोनोग्राफी आणि वजन तिन्ही उरकता येतात. सकाळची पहिली वेळ मागा, नीट बसणारा मास्क लावा आणि जा. संसर्गाच्या भीतीनं चाचणी चुकवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. नंतर साखर वाढलेली सापडली तेव्हा त्यांच्या हातात थोडेच आठवडे उरले होते.

फोनवर बोलताना वही उघडी ठेवा आणि आधी हे तीन आकडे सांगा: कितवा आठवडा, सुरुवातीपासून एकूण किती वाढलं, गेल्या चार आठवड्यांत किती. मग बीपी, मग "बाकी" रकाना. शंका आदल्या रात्री लिहून काढा. दहा मिनिटांच्या फोनमध्ये ऐन वेळी आठवत नाही.

छत्तिसाव्या आठवड्यात हॉस्पिटलची पिशवी भराल तेव्हा वही फाइलसोबत सगळ्यात वर ठेवा, आणि प्रत्येक पानाचा फोटो फोनमध्ये काढून घ्या. महासाथीत ऐन वेळी तुमच्या नेहमीच्या डॉक्टर ड्युटीवर नसतील, सोबतच्या माणसाला दाराबाहेर थांबवलं जाईल, आणि कळा चालू असताना सुरुवातीचं वजन किती होतं हे तुम्हाला सांगता येणार नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तुमचं आजचं वजन लागतं. शेवटच्या आठवड्यात केलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, तारखेसकट लिहून ठेवा.